फॅन किती वेगाने फिरवायचा? थंडावा, आवाज आणि फॅनचं आयुष्य यांचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. डेस्कटॉप रोज दहा-बारा तास चालू असतो. सीपीयूवर टॉवर कूलर (धातूच्या पाकळ्यांचा उभा हीटसिंक आणि त्याला लावलेला फॅन) आहे, कॅबिनेटला १२० मिमीचे तीन फॅन आहेत. सगळे फॅन पूर्ण वेगाने सोडले की जड काम चालू असताना सीपीयू ७० अंशांच्या आसपास राहतो. मदरबोर्डाच्या ‘ऑटो’ सेटिंगवर सोपवलं की ७८-८० दिसतात, आणि वर फॅन दर अर्ध्या मिनिटाला एकदम चढतात नि उतरतात. मग पूर्ण वेगाने चालवले तर फॅन लवकर जातील का? आणि हळू चालवले तर सीपीयू लवकर जाईल का?

आधी सरळ उत्तर. ७० आणि ८० यांत सीपीयूच्या दृष्टीने काळजी करावी असा फरक नाही. त्यामुळे फॅन १०० टक्क्यांवर ठेवून सीपीयूचं भलं होत नाही. उलट, फॅनची झीज वाचावी म्हणून त्याला ३० टक्क्यांवर कोंडून ठेवण्यातही फारसा अर्थ नाही. फॅनचं बेअरिंग खातात ती मुख्यतः उष्णता आणि धूळ. वेगाचा नंबर त्यानंतर लागतो. तुमच्या सेटिंगमधली खरी चूक ते चढणं-उतरणं आहे, आणि ती दहा मिनिटांत दुरुस्त होते. पण नुसती सेटिंग सांगून भागणार नाही, कारण प्रत्येक मशीनचा आकडा वेगळा येतो. तो काढायचा कसा हे कळलं तर पुढच्या मशीनलाही उपयोग होईल.

फॅन झिजतो म्हणजे नेमकं काय झिजतं, इथून सुरू करू. पाती तुटत नाहीत, मोटरची वाइंडिंग क्वचितच जळते. जातं ते बेअरिंग, आणि बेअरिंगमध्येही आधी जातं ते वंगण. स्वस्त फॅनमध्ये स्लीव्ह बेअरिंग असतं: एक बारीक नळी, तिच्यात तेलाच्या थरावर फिरणारा दांडा. नवा असताना अगदी गुपचूप चालतो. पण तेल हळूहळू उडून जातं किंवा झिरपतं, उरलेलं घट्ट होतं, आणि मग धातूला धातू लागतो. हायड्रॉलिक, रायफल, फ्लुइड डायनॅमिक ही नावं याच घराण्यातली. तेल आत टिकून राहावं आणि दांड्याभोवती त्याचा दाब तयार व्हावा यासाठी केलेल्या या सुधारणा. चांगल्या प्रतीचं फ्लुइड डायनॅमिक बेअरिंग साध्या स्लीव्हपेक्षा कितीतरी जास्त टिकतं. नाव तेच छापून आत साधीच स्लीव्ह घातलेले फॅनही विकले जातात, तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नका. बॉल बेअरिंगचा फॅन उष्णता सोसतो, आडवा-उभा कसाही बसवला तरी तक्रार करत नाही. पण त्याला सुरुवातीपासून एक हलकी खरखर असते आणि वय वाढलं की ती वाढत जाते. सर्व्हरमध्ये बॉल बेअरिंग दिसतात ती यामुळेच. तिथे आवाजाचं कुणाला काही नसतं.

डब्यावर ५०,००० तास किंवा १,५०,००० तास असा आकडा असतो. तो वाचताना दोन गोष्टी बघायच्या. पहिली, तो एल-१० आहे की एमटीटीएफ. एल-१० म्हणजे तेवढ्या तासांत शंभरातले दहा फॅन गेलेले असतील. एमटीटीएफ ही फॅन बिघडेपर्यंतच्या वेळेची सरासरी असते, त्यामुळे त्याच फॅनचा तो आकडा बराच मोठा दिसतो. दोन कंपन्यांचे दोन वेगळे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात काही राम नाही. दुसरी गोष्ट, तो आकडा कोणत्या तापमानाला दिलाय. बऱ्याचदा बारीक अक्षरात ४० अंश लिहिलेलं असतं, कधी २५. ५०,००० तास म्हणजे अखंड चालवला तर पाच वर्षं आठ महिने. तुमच्यासारखा रोज अकरा तास चालवला तर बारा वर्षांच्या वर. हा आकडा कागदावर भरपूरच आहे. मग तीन-चार वर्षांतच घरघरणारे फॅन का दिसतात? कारण ते कागदावरच्या तापमानाला आणि स्वच्छ हवेत चालत नाहीत.

वंगणाचं गणित तापमानावर चालतं. ढोबळ नियम असा, की तापमान १० ते १५ अंशांनी वाढलं की वंगणाचं आयुष्य निम्म्यावर येतं. आता कॅबिनेटमध्ये बघा. पुढचा फॅन खोलीतली हवा आत ओढतो, त्याचं बेअरिंग खोलीच्या तापमानाच्या जवळपास राहतं. मागचा फॅन सीपीयूवरून आलेली गरम हवा बाहेर टाकतो. आणि वर छताला बसवलेला फॅन सगळ्या कॅबिनेटची जमा झालेली ऊब खातो, शिवाय आडवा बसल्यामुळे त्याचा दांडा उभा राहतो. साध्या स्लीव्हला ही अवस्था सोसत नाही. वजन एका टोकावर येतं आणि तेल खाली उतरतं. म्हणून तीनही फॅन सारखेच, एकाच दिवशी बसवलेले असले तरी वरचा आधी बोलू लागतो. तुमच्याकडे एक चांगला आणि दोन बरे फॅन असतील तर चांगला वर किंवा मागे लावा, पुढे नव्हे. बहुतेक लोक उलट करतात, कारण पुढचा फॅन काचेतून दिसतो!

वेगाचा परिणाम होतो, नाही असं नाही. १८०० आरपीएमने (म्हणजे मिनिटाला १८०० फेरे) वर्षभर अखंड फिरलेला फॅन सुमारे साडेचौऱ्याण्णव कोटी फेरे मारतो, १००० ने फिरलेला साडेबावन्न कोटी. बॉल बेअरिंगची धातूची थकावट फेऱ्यांवर मोजतात, हे खरं. पण एवढ्याशा पात्यांचं वजन बेअरिंगला जाणवण्याइतकं नसतं; धातू थकण्याच्या कितीतरी आधी ग्रीस वाळतं. तेलाच्या थरावर चालणाऱ्या बेअरिंगमध्ये तर दांडा एकदा वेगात आला की तो धातूला टेकतच नाही. घासतो तो सुरू होताना आणि थांबताना. म्हणून सावकाश पण सतत फिरणारा फॅन दिवसभर बंद-चालू होत राहणाऱ्या फॅनपेक्षा सुखात असतो. हल्ली कमी तापमानाला फॅन पूर्ण थांबवण्याची सोय असते, ग्राफिक्स कार्डांवर तर ती नेहमीचीच झाली आहे. ती वाईट नाही. पण तुमचं कार्ड नेमकं त्या उंबरठ्यावर घुटमळत असेल आणि फॅन दर दोन मिनिटांनी उठून बसत असेल तर ती सोय बंद करा किंवा उंबरठा पाच-सात अंशांनी हलवा.

वेग वाढवण्याचा खरा तोटा दुसरीकडे आहे, आणि तो फॅनच्या मूळ नियमांतूनच येतो. हवेचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात वाढतो. दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. आणि मोटरला लागणारी वीज वेगाच्या घनाने. म्हणजे वेग दुप्पट, हवा दुप्पट, वीज आठपट. आवाज दुप्पट वेगाला साधारण १५ डेसिबलने चढतो. उलट बाजूने वाचलं तर हे फार उपयोगी आहे: वेग निम्मा केला तर हवा निम्मी मिळते, पण मोटरवरचा भार एक-अष्टमांशाच्या आसपास येतो आणि आवाज जवळपास ऐकूच येत नाही. मोटर स्वतः कमी तापली म्हणजे तिच्या मधोमध बसलेलं बेअरिंगही कमी तापतं. हा फायदा छोटा आहे, पण फुकटचा आहे.

आता थंडाव्याची बाजू. कॅबिनेटमधून जाणारी हवा किती तापते याचा साधा हिशेब आहे: वॅटमधली उष्णता भागिले मिनिटाला जाणारे घनफूट, गुणिले १.७६. मशीन जोरात चालू असताना ३०० वॅट टाकत असेल आणि कॅबिनेटमधून मिनिटाला ५० घनफूट हवा खरोखर जात असेल, तर बाहेर पडणारी हवा आत आलेल्या हवेपेक्षा साडेदहा अंशांनी गरम असते. प्रवाह १०० केला की सव्वापाच. १५० केला की साडेतीन. पहिल्या दुपटीत सव्वापाच अंश मिळाले, पुढच्या ५० घनफुटांत जेमतेम पावणेदोन. ‘खरोखर जात असेल’ हे शब्द मुद्दाम वापरले. डब्यावरचा सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला घनफुटांचा, आकडा मोकळ्या हवेतला असतो. पुढे जाळी, फिल्टर आणि बंद काच आली की तो बराच खाली येतो. पुढून सपाट काच लावलेल्या कॅबिनेटमध्ये फॅन कितीही पळवा, हवा यायला फट तेवढीच.

सीपीयूच्या बाबतीत हा उतार आणखी लवकर सपाट होतो. उष्णता चिपमधून निघून वरच्या धातूच्या झाकणात, तिथून उष्णता वाहून नेणाऱ्या पेस्टमधून हीटसिंकच्या बुडात, मग हीटपाइपमधून पाकळ्यांत आणि शेवटी हवेत जाते. फॅनचा अधिकार फक्त शेवटच्या टप्प्यावर. नळ कितीही मोठा उघडला तरी मागचा पाइप अरुंद असेल तर पाणी तेवढंच येणार, तसंच हे आहे. आजच्या चिपांमध्ये खूप उष्णता अगदी थोड्या जागेतून बाहेर पडते, त्यामुळे तापमानाचा मोठा वाटा चिप आणि हीटसिंक यांच्या मधेच अडकलेला असतो. तो फॅनने कमी होत नाही.

इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले, नावाच्या शेवटी एक्स असलेले प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत मुद्दाम जातात. सगळे कोअर भरून काम दिलं की तिथे पोहोचायचं आणि तिथेच राहायचं अशी त्यांची रचनाच आहे. अशा चिपवर फॅन वाढवलात तर तापमान उतरतच नाही, चिप तेवढी जागा वापरून घड्याळ, म्हणजे स्वतःचा कामाचा वेग, थोडं वाढवते. माणूस बघतो तर ९५, फॅन वाढवतो तरी ९५, मग कूलर खराब आहे म्हणून नवा घेतो, तरी ९५. अशा वेळी फॅनला हात न लावता बायॉसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) इको मोड, म्हणजे कमी विजेवर चालण्याची सोय, लावा किंवा विजेची मर्यादा खाली आणा. कामाचा वेग थोडा उतरतो, उष्णता पुष्कळ उतरते. माझं तर स्पष्ट मत आहे की बहुतेक मशीनवर फॅनच्या कर्व्हवर (किती तापमानाला किती वेग हे ठरवणाऱ्या रेघेवर) तासभर घालवण्यापेक्षा विजेची मर्यादा बदलायची पाच मिनिटं जास्त फळतात.

सीपीयूला किती गरम चालेल? त्याची कमाल मर्यादा कंपनी जाहीर करते. अनेक इंटेल डेस्कटॉप चिपांना ती १०० अंश आहे, रायझन ७८००एक्स३डीला ८९. ती गाठली की चिप स्वतःच घड्याळ खाली आणते, आणि त्याही पलीकडे गेली तर मशीन बंद करते. त्या मर्यादेपासून दहा-पंधरा अंश खाली सलग राहत असाल तर सीपीयूबद्दल झोप उडवून घेऊ नका. तुमचे ८० त्यात बसतात. मी त्यापेक्षा आजूबाजूच्या भागांकडे जास्त बघतो: बोर्डावरचे वीज पुरवणारे भाग, एनव्हीएमई एसएसडी आणि वीजपुरवठ्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. कपॅसिटरचा नियम वंगणासारखाच, दर १० अंशांना आयुष्य अर्धं. हे भाग सीपीयूच्या फॅनकडे बघत नाहीत, कॅबिनेटमधल्या हवेकडे बघतात. म्हणून सीपीयूचा फॅन किंचाळत ठेवून कॅबिनेटचे फॅन मरगळलेले ठेवण्यात शहाणपण नाही. दोन्ही मध्यम ठेवा. फिरत्या हार्ड डिस्क असतील तर त्यांनाही बर्फात ठेवायची गरज नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये आपल्याच हजारो डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, त्यात थंड डिस्क जास्त टिकतात असं काही दिसलं नव्हतं. उलट फार थंड असलेल्यांत बिघाड जास्त होता. ४० च्या आसपास डिस्क मजेत राहते.

आता तुमच्या मशीनचा आकडा काढू. दारं-खिडक्या रोजच्यासारख्या, कॅबिनेटची बाजू लावलेली. सीपीयूवर एकसारखा भार देणारा कुठलाही प्रोग्राम लावा, खेळ नको, कारण खेळात भार हलतो. बायॉसमधून किंवा प्रोग्राममधून फॅन हाताने ठरावीक वेगावर बांधा. विंडोजवर ‘फॅन कंट्रोल’ नावाचा मोफत प्रोग्राम यासाठी उत्तम आहे, लिनक्सवर एलएम-सेन्सर्समधलं पीडब्ल्यूएमकॉन्फिग. प्रत्येक वेगावर पंधरा मिनिटं थांबा. घाई केलीत तर हीटसिंक अजून तापत असतो आणि आकडा फसवा येतो. खोलीचं तापमानही शेजारी लिहा. ते नसेल तर महिन्याभराने त्या आकड्यांना काही किंमत उरत नाही.

उदाहरणादाखल, मध्यम टॉवर कूलरवर खोली २८ अंश असताना आकडे साधारण असे पडतात: ६०० आरपीएमला ८४, ८०० ला ७८, १००० ला ७४, १२०० ला ७२, १५०० ला ७०, १८०० ला ६९. यात कुठे थांबायचं ते कागदावरच दिसतं. ६०० वरून १००० वर जाताना १० अंश मिळाले. १२०० वरून १८०० वर जाताना मिळाले फक्त ३, आणि त्यासाठी आवाज नऊएक डेसिबलने वाढला, मोटरवरचा भार तिपटीहून जास्त झाला. म्हणजे या मशीनची जागा १००० ते १२०० च्या मधे आहे. तुमच्या आकड्यांत हे वळण कुठेही येईल, पण ते येतं हे नक्की, आणि बहुधा कमाल वेगाच्या ५० ते ६५ टक्क्यांत. जड काम त्या वेगावर चालू द्या. त्याच्या वरचा वेग हा उन्हाळ्यातल्या दुपारसाठी आणि अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा, रोजच्या वापराचा नाही.

खालची हद्दही तपासा. चार पिनांच्या फॅनला १२ व्होल्ट सतत मिळतात आणि वेगाची आज्ञा वेगळ्या तारेवरून २५ किलोहर्ट्झच्या स्पंदांनी जाते. कानाला ऐकू येणार नाही अशी ही वारंवारता मुद्दाम निवडलेली आहे. असे फॅन बहुतेक २० टक्क्यांपर्यंत नीट उतरतात. तीन पिनांच्या फॅनचा वेग मात्र व्होल्टेज कमी करून उतरवतात, आणि तिथे फसगत होते: फिरता फॅन ४ व्होल्टवरही फिरत राहतो, पण थांबलेला फॅन सुरू व्हायला ५-६ लागतात. तुम्ही संध्याकाळी चालू मशीनवर ४ ठरवले, सकाळी बटण दाबलं आणि फॅन उठलाच नाही, असं होतं. जवळून बघितलंत तर पाती दर काही सेकंदांनी अर्धा इंच हलून थांबताना दिसतात, कारण आतलं सर्किट पुन्हापुन्हा प्रयत्न करत असतं. म्हणून किमान वेग ठरवताना मशीन बंद करून थंड अवस्थेतून दोन-तीनदा सुरू करून बघा, आणि जिथे फॅन बिनचूक उठतो त्याच्या थोडं वरच थांबा. जुना होत चाललेला फॅन सुरू व्हायला जास्त व्होल्टेज मागतो, म्हणून ही मोकळीक. हेडरचा, म्हणजे बोर्डावर फॅनची वायर जोडायच्या जागेचा, प्रकारही बायॉसमध्ये नीट निवडलेला असू द्या. चार पिनांचा फॅन चुकून डीसीवर (व्होल्टेजने वेग बदलण्याच्या पद्धतीवर) लावलेला असणं ही फार वेळा दिसणारी गोष्ट आहे.

आता ते चढणं-उतरणं. आजचा सीपीयू एक टॅब उघडला तरी सेकंदभर १५-२० अंश उडी मारतो आणि लगेच खाली येतो. ती उडी चिपच्या पोटातली असते. हीटसिंकला तिची खबरही लागलेली नसते. बोर्डाचा ऑटो कर्व्ह मात्र तिच्यामागे धावतो. फॅन वेगात येईपर्यंत तापमान उतरलेलं असतं, मग फॅन उतरतो, तोवर पुढची उडी. याने थंडावा काडीचा वाढत नाही. उपाय दोन, आणि दोन्ही करायचे. बायॉसमध्ये फॅन चढायला आणि उतरायला लागणारा वेळ ठरवता येतो. स्टेप अप, स्टेप डाउन, स्मूदिंग, नाव काहीही असेल. चढण्याला पाच-सहा सेकंद आणि उतरण्याला त्याहून जास्त द्या. घाबरू नका, हीटसिंकमध्ये एवढं धातू असतं की पाच सेकंदांत काही बिघडत नाही आणि चिपची स्वतःची राखण तर चालूच असते. दुसरा उपाय म्हणजे कर्व्हचा आकार. ३० पासून ९० पर्यंत सरळ चढणारी रेघ काढू नका. तुमच्या मशीनसाठी मी असं ठेवेन: ५५ अंशांपर्यंत किमान वेग, ५५ ते ६८ मध्ये हळूच चढून वळणाचा वेग, ६८ ते ८२ तोच वेग सपाट, आणि त्यानंतर ९० पर्यंत सरळ १०० टक्के. सपाट भाग महत्त्वाचा. काम चालू असताना तापमान त्या पट्ट्यात वरखाली होतं, फॅन मात्र एका सुरात चालतो. कान एकसारखा आवाज विसरून जातो. बदलता आवाज विसरत नाही.

कॅबिनेटचे फॅन सीपीयूच्या सेन्सरला बांधलेले असतील तर ते सोडवा. ग्राफिक्स कार्ड असलेल्या मशीनमध्ये खेळताना सर्वांत जास्त उष्णता कार्ड टाकतं आणि सीपीयू तुलनेने निवांत असतो. अशा वेळी कॅबिनेटचे फॅन झोपलेले आणि कार्डाचे फॅन ऊर फुटेस्तोवर पळतायत असं दृश्य दिसतं. फॅन कंट्रोलमध्ये सीपीयू आणि जीपीयू (ग्राफिक्स कार्डाची चिप) या दोघांतलं जे जास्त गरम असेल त्यावर कॅबिनेटचे फॅन चालवता येतात, तसं करा. बायॉसमध्ये जीपीयूचा सेन्सर सहसा मिळत नाही. मग बोर्डाचा किंवा चिपसेटचा सेन्सर निवडा, तो सावकाश हलतो आणि कॅबिनेटमधल्या हवेची बरी कल्पना देतो. प्रोग्राम बंद पडला तर मशीन उघड्यावर पडू नये म्हणून बायॉसमधला कर्व्हही शहाणा ठेवायचा. वॉटर कूलर असणाऱ्यांनी एवढं करावं, की रेडिएटरचे फॅन पाण्याच्या तापमानावर लावावेत आणि पंप एका ठरावीक वेगावर सोडून द्यावा.

सगळं नीट लावूनही एखाद्या विशिष्ट वेगाला गुणगुण ऐकू येते. नऊ पात्यांचा फॅन १२०० आरपीएमने फिरला की पात्यांचा सूर १८० हर्ट्झवर लागतो, आणि कॅबिनेटचा पत्रा नेमका त्याच सुराला थरथरत असेल तर तो वाजतो. वेग शंभर आरपीएम वर किंवा खाली सरकवा, गुणगुण जाते. शेजारचे दोन सारखे फॅन १२०० आणि १२३० ने फिरत असतील तर त्यांच्या सुरांत साडेचार हर्ट्झचा फरक पडतो आणि आवाज सेकंदाला चार-पाच वेळा फुगतो-ओसरतो. अशा वेळी दोघांत मुद्दाम दीड-दोनशे आरपीएमचं अंतर ठेवावं. फॅन खराब झालाय असं समजून बदललेले कितीतरी फॅन याच कारणाने बदललेले असतात.

धुळीबद्दल एवढंच, की ती दोन बाजूंनी मारते. फिल्टर आणि पाकळ्या तुंबल्या की त्याच वेगाला हवा कमी जाते, तापमान चढतं, कर्व्ह फॅनला वर ढकलतो. आणि पात्यांच्या कडेला असमान थर बसला की फॅनचा तोल जातो, तो कंप थेट बेअरिंगला. वर लिहून ठेवलेला तक्ता इथे कामाला येतो: खोली तेवढीच, भार तोच, वेग तोच, आणि सीपीयू पाच-सहा अंश जास्त दाखवत असेल तर आधी फिल्टर काढून बघा. पेस्ट बदलायचा विचार नंतर. ब्लोअरने साफ करताना पाती बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने फॅन त्याच्या कमाल वेगाच्या कितीतरी पुढे भिरभिरतो. तो आवाज ऐकायला मजा येते, पण त्या अर्ध्या मिनिटात बेअरिंगचं नुकसान होतं आणि मोटर उलटी वीज तयार करून हेडरकडे पाठवू शकते.

घरघरायला लागलेल्या स्लीव्ह फॅनला स्टिकर काढून तेलाचा थेंब सोडायचा उपाय चालतो, पण तात्पुरता. झिजलेली नळी भरून येत नाही. नवा फॅन हातात येईपर्यंतची सोय एवढीच त्याची किंमत. फॅन जायच्या आधी इशारा देतो: सुरू करताना काही सेकंद खडखड होऊन मग शांत होतो, किंवा त्याच टक्क्यांवर पूर्वी ११०० दाखवणारा आता ९५० ते १०५० मध्ये डोलतो. दुसरी खूण कानाला कळत नाही, नोंदीतच दिसते. बायॉसमध्ये सीपीयू फॅनचा किमान वेगाचा इशारा चालू असू द्या. एका हेडरवरून दोन फॅन काढले असतील तर बोर्डाला फक्त एकाच फॅनचा वेग कळतो, दुसरा बंद पडला तरी पत्ता लागत नाही, तो डोळ्यांनीच बघावा लागतो. बहुतेक बोर्डांवर एका हेडरची मर्यादा १ अँपिअर असते, तेव्हा फॅनवर छापलेले अँपिअर बेरीज करूनच फाटे काढा.

फॅन बदलायची वेळ आली की कमाल वेग मोठा असलेला घेण्याच्या मोहात पडू नका. बेअरिंग आणि त्याला दिलेली हमी बघा. हीटसिंकवर किंवा फिल्टरमागे लावायचा असेल तर दाबाचा आकडा महत्त्वाचा, मागच्या मोकळ्या जाळीवर प्रवाहाचा. आणि नवा फॅन लावून जुना कर्व्ह तसाच चालू ठेवू नका. कर्व्ह टक्क्यांत असतो: १५०० च्या फॅनचे ५० टक्के म्हणजे साधारण ७५०, ३००० च्या फॅनचे १५००. थंड अवस्थेतून उठतो का ते आणि वळण कुठे येतं ते, दोन्ही पुन्हा काढून घ्या.